सागवान न्हाणीतच राहील

सौंदड, मंगळवार, दिवेलागण

हाताला अजून जवसाच्या तेलाचा वास येतोय. बाबांनी दिलेल्या सागवानाचं न्हाणीसाठी कपाट करवून घेतलं. त्याला तेल पाजत होते, तर मामंजी दारात.

"सागवान न्हाणीत कायले सडवून राहिली? त्याचा देव्हारा कर. न्हाणीले आंब्याच्या फळ्या लावून दे."

पदर सारखा केला आणि म्हटलं, "देव कोरड्यात बसते, त्याले आंबा चालते. ओलीत आंबा कुजते."

जास्त बोलले का? बोलले तर बोलले. पुरुष विहिरीवर न्हातात. आम्हा बायांना न्हाणीत कोरडं लुगडं ठेवायला जागा नाही, हे त्यांना कधी कळणार?

उद्या तेलाचा दुसरा हात देईन. वास साऱ्या घरात जाऊ दे.

सुतारालाही निरोप धाडलाय: मामंजींसाठी देव्हारा कर. आंब्याचा.