उंबऱ्यावरचं पाणी

शनिवार, १४ जून २०१४, क्वीन्सटाउन

हाड मोडलेलं नाही, पाय नुसता मुरगळलाय. आमचे घरमालक लिम अंकल यांच्या मुलीने संध्याकाळी फोन करून सांगितलं. आईने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

सकाळी अंकल गळका नळ बघायला आले आणि आमच्या दाराशीच घसरून पडले. टॅक्सीत बसेपर्यंत तेच माझी माफी मागत होते. "टाइल्स जुन्या झाल्यात, चूक माझी. तुझी आई पडली असती तर?" मी गप्प राहिले. का राहिले? पुण्याहून आल्यापासून आई रोज उंबरा धुऊन रांगोळी काढते. आज पाणी पुसायचं राहिलं होतं, आणि ते मला दिसलंही होतं.

त्यांची एक निळी स्लिपर दारातच राहिली.

"जबाबदारी घरमालकाचीच असते गं," मी आईला म्हटलं. खरं तर स्वतःलाच.

"टाइल्स त्यांच्या, पाणी माझं. दिवसभर लोकांच्या बातम्या तपासतेस ना? मग ही चुकीची कशी जाऊ दिलीस?"

तिने ती स्लिपर साबणाने धुऊन खिडकीत वाळत ठेवली.

उद्या दुपारी टाइल्सचा माणूस येणार आहे. त्याआधी आम्ही दोघी स्लिपर घेऊन अंकलकडे जाणार. आई मघापासून घोकतेय, "वॉटर माइन, मिस्टर लिम. सॉरी." मी सांगू का, असं विचारलं.

"नको. मी बोलेन. तू फक्त दार दाखव."