वारा नसलेले सतरा दिवस

प्रिय सुधा,

तू मला फसवलंस! आज सकाळी मंडी मोहल्ल्यातला आपला छापखानेवाला शिवण्णा पुस्तकाच्या पहिल्या प्रती देऊन गेला. चाळता चाळता तुझी लबाडी सापडली, म्हणून जेवण आटोपल्या आटोपल्या लिहायला बसलोय.

नवी बेटं शोधायला निघालेल्या त्या कप्तानाची रोजनिशी मराठीत आणायला मला सहा वर्षं लागली. सगळ्यात वैताग आणला तो सतरा दिवसांनी. वारा पडलेला, जहाज जागच्या जागी. आज शिडं शिवली, आज मासा मिळाला, रोज तेच! मी ते सगळे दिवस कापले आणि 'पुढे सतरा दिवस वारा नव्हता' एवढं एक वाक्य लिहून मोकळा झालो.

केवढी भांडलीस तू! मुद्रितं मोठ्याने वाचायचं काम तुझं, तेव्हा अधिकारही तुझाच. मी म्हटलं, "वाचक झोपेल."

"सुम्ने बसा हो, गप्प! झोपला तर झोपू दे. वारा सुटल्यावर त्यातली निम्मी माणसं मेली. या सतरा दिवसांत एक तरी गेलं काय?"

मी ऐकलं नाही. आपल्या घरात शेवटचा शब्द माझा असतो, असा माझा समज होता.

आज शिवण्णाला फोन करून विचारलं, तर तो शांतपणे म्हणतो, "अक्काच ती कापलेली पानं देऊन गेल्या की, सार. तुमाला सांगू नको म्हटल्या, अष्टे, एवढंच." कधी गेलीस गं? भाजीला जाते म्हणून? पाय एवढे सुजलेले असताना त्याचा जिना चढलीस? मला सांगायचं तरी! पण सांगितलं असतंस तर मी पुन्हा कापलं असतं, हेही खरंच.

ते सतरा दिवस आज सलग वाचले. झोप नाही आली. खलाशी एकमेकांच्या दाढ्या करतात, माशाच्या वाटणीवरून भांडतात, हसतात. मला तुझे शेवटचे महिने आठवले. तू खिडकीशी, मी शेजारी, वाटीत पेज, आणि कन्नड मालिकेतल्या सासूला दोघांनी मिळून नावं ठेवणं. कुणी फोनवर विचारलं की मी सांगायचो, "काही विशेष नाही." किती मजेत होतो गं आपण!

पुस्तक देखणं झालंय. तुझ्यामुळे जाडही.

आता वचन देतो. त्या महिन्यांतला आठवेल तो प्रत्येक दिवस मी लिहून काढणार आहे, पेजेत मीठ जास्त पडलं होतं तोसुद्धा. आणि त्यातला एकही कापणार नाही.

तुझाच,
वसंत