खाडीकाठी डबा किती वर्षं टिकतो

प्रिय हेमाली,

परवा तुझे डबे उघडले. गेल्याच्या आदल्या गुढीपाडव्याला तू बाबांना नाण्यांसाठी बारा डबे दिले होतेस, त्यांतले तीन कोरेच राहिले होते, ते. गेल्या जानेवारीत अलिबागच्या नाण्यांच्या प्रदर्शनात जे झालं ते झालं, आणि त्यानंतर आठवड्याभरात मी त्या तिन्हींत तांब्याचा एकेक जुना पैसा ठेवला, झाकणं दाबून बसवली आणि मागच्या पडवीत खाडीकडच्या भिंतीला पिशवीत घालून टांगून दिले. चैत्राचं ऊन झालं, चार महिने पाऊस झाला, तुझे बाबा दोनदा विचारून गेले की या पिशवीत काय आहे. मी म्हटलं, महिला मंडळाचं सामान आहे. मंडळाची चिटणीस असण्याचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा.

तर ऐक. पहिल्या डब्यात पैशाशिवाय काही नव्हतं. पैसा ठेवला तसाच निघाला, जरा काळसर, पण तो आधीही तसाच होता. दुसऱ्यात मी तांदळाची लहान पुरचुंडी ठेवली होती, मिठाच्या बरणीत ओल धरू नये म्हणून ठेवतो तशी. तोही पैसा ठणठणीत. पूर्ण वर्ष व्हायला दहा दिवस कमी, खारं वारं चोवीस तास, आणि झाकणाच्या आत ओलीचा डागसुद्धा नाही. तिसऱ्या डब्याचं नंतर सांगते. मध्येच शेवटचं पान उलटून बघायची तुझी खोड मला माहीत आहे, तेवढी आज आवर.

गेलं वर्षभर तू मला दर शनिवारी फोन करतेस. प्राप्तीची शाळा, निकेतचं ऑफिस, सगळं सांगतेस, माझं गुडघ्याचं तेलही विचारतेस. बाबांचं नाव काढत नाहीस. तेही फोन वाजला की उठून कुंपणाला टेकून उभे राहतात, कान इकडे लावून. फोन ठेवला की मला विचारतात, प्राप्तीचा खोकला गेला का. म्हणजे सगळं ऐकलेलं असतं. तुम्ही दोघं एकाच मातीचे, आणि मधल्या मधे वाळून माझा मात्र सांडगा झालाय. परवा शेजाऱ्यांनी पोपटी लावली होती, तुझ्या आवडीची, वालाच्या शेंगांची, भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात भाजलेली. बाबा गेले नाहीत. पोपटीला गेलं की लोक विचारतात, हेमाली आली नाही का.

त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. तुझा स्टॉल दाराशी होता. तू किती छान मांडला होतास, डब्यांच्या उतरंडी, वर निकेतने छापून आणलेली चिठ्ठी, ‘पंचवीस वर्षं निर्धास्त’. समोरच्या टेबलावर बाबांची मांडणी. प्रदर्शन भरवणाऱ्या येसाजी मास्तरांनी त्यांना पहिल्यांदाच स्वतंत्र टेबल दिलं होतं, आणि त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मग झाकणं उघडली. एकशे बारांपैकी चाळीस नाण्यांवर हिरवी पूड. शिवराया, महाराजांची ती तांब्याची नाणी, तर ओळखू येईनात. मिठागराचा बांध दुरुस्त करताना तुझ्या जन्माच्या वर्षी चिखलात सापडलेली ती पहिली शिवराई, जिच्यापासून त्यांना हा नाद लागला, तिचा काठ बोट लावताच चुरला. माणूस आधी रडतो आणि मग चिडतो, तुझ्या बाबांचं उलटं आहे. ते हॉलभर ऐकू जाईल असं ओरडले, “पंचवीस वरसं म्हनं! येक पावसाला न्हाय काढला. माझ्या पोरीनं मलाच भंगार दिलंय, तुमी घेऊ नका!” तुझ्या स्टॉलवर उभे असलेले दोघं हातातले डबे खाली ठेवून निघून गेले. तू डबे खोक्यात भरलेस आणि न जेवता बोटीसाठी मांडव्याची गाडी धरलीस. मी तिथेच उभी होते. मी तोंड उघडलं नाही.

त्यानंतर तुझ्याकडे किती डबे परत आले ते तू लेक असून मला सांगितलं नाहीस, निकेतने जावई असून सांगितलं. यंदाच्या प्रदर्शनाला स्टॉल घेणार नाही असं तू मास्तरांना कळवलंस, तेही मला मास्तरांकडूनच कळलं. नोकरी सोडून उभं केलेलं काम बापाच्या एका वाक्यावर तू गुंडाळायला निघालीस. मला तुझा राग आला, बाई. आणि तुझ्यापेक्षा जास्त दुसऱ्या कोणाचा तरी आला.

म्हणून मी ठरवलं की डबा खरोखर किती वर्षं टिकतो ते आपणच शोधायचं. येसाजी मास्तरांच्या घरी तीनदा जाऊन आले. त्यांच्याकडे चाळीस वर्षांचे डबे आहेत, आणि एका प्रश्नाला अर्धा दिवस उत्तर देतील असा त्यांचा स्वभाव आहे. माझ्या वहीतून तुला थोडक्यात लिहिते, कारण हे तुझ्या धंद्याचं आहे. टणक पारदर्शक डबा उन्हात ठेवला नाही तर पंचवीस-तीस वर्षं सहज जातो, पिवळा पडतो पण तडकत नाही. झाकणातलं रबरी कडं मात्र तेवढं जगत नाही. घाटावर आठ-दहा वर्षं, आपल्या खाडीकाठी चार, फार तर पाच. कडक झालं की हवा आत घेतं. आतला स्पंज दहा वर्षांनी भुसा होतो, आणि स्पंज चिकटवायचा गोंद वाईट असला तर चांदी काळी करतो. ते मऊ प्लास्टिकचे कप्पे असतात ना, ते तर दोन-तीन वर्षांत घाम फुटल्यासारखे चिकट होतात, ते तू ठेवूच नकोस. तेव्हा तुझी चिठ्ठी अर्धीच खरी होती. ती बदल. लिही की डबा पंचवीस वर्षं, रबर समुद्राकाठी चार वर्षांनी बदला, आणि बदलायची रबरं आमच्याकडे मिळतील. खरं सांगून विकलेला माल परत येत नाही, आणि रबर न्यायला गिऱ्हाईक परत येतं.

मास्तरांनीच मला नाणी वाचवायचा उपाय सांगितला. शुद्ध पाण्यात बुडवून ठेवायची आणि पाणी बदलत राहायचं, महिनोन् महिने. बाबा ट्रक चालवायचे त्या दिवसांपासून मला एक गोष्ट माहीत होती, बॅटरीत घालायचं पाणी शुद्ध असतं. मी कॅनच्या कॅन आणले. फेब्रुवारीपासून रोज सकाळी चहाच्या आधी चाळीस वाट्यांचं पाणी बदललं आहे, तापात असतानाही. सव्वीस नाणी सावरली, त्यांवर हिरवं पुन्हा धरत नाही. चौदा गेली. ती शिवराई चौदांत आहे. पहिल्या खेपेला मास्तरांनी चष्म्यावरून बघत मला विचारलं होतं, या नाण्यांना मीठ लागलं होतं का. मी म्हटलं, खाडीकाठचं घर, खारं वारं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

आता तुला मिठागराचं सांगायला हवं. आपली आगरं प्रकल्पात गेली तेव्हा तू कॉलेजात होतीस, तुला घाई होती, आणि चिखलात पाय घालायला तुला कधीच आवडलं नाही. मी मात्र लग्न होऊन आले ती मार्गशीर्षात, बांध घालायच्या दिवसांत, आणि हळदीच्या पायांनी आगरात उतरले. मोसमाचं पहिलं मीठ निघालं की माझ्या सासूबाई, तुझी बायजाआजी, त्यातली मूठभर वेगळी काढायच्या. चिंधीत बांधायच्या. एक पुरचुंडी भाताच्या कणगीत, एक देवाच्या मागे, एक पाळण्याच्या गादीखाली. “मीठ हाय तिथं लक्षुमी हाय,” एवढंच त्या म्हणायच्या. तुझ्या पाळण्यात होती. तुझ्या लग्नाच्या पेटीत तळाला साड्यांच्या खाली मी ठेवली होती, तू ती फेकली असशील. प्राप्तीच्या पाळण्यातही मी गुपचूप ठेवली होती. घरात जे जे जपायचं, त्याच्याखाली मीठ. आगर गेलं त्या वर्षीचं शेवटचं मीठ मी मडक्यात भरून ठेवलं आहे, ते जेवणात कधी वापरलं नाही.

तू डबे आणलेस तेव्हा बाबा लहान मुलासारखे खूश होते. दोन दिवस बसून प्रत्येक नाणं खाचेत बसवलं. संध्याकाळी ते पारावर गेले, आणि मी नऊही डब्यांतला स्पंज अलगद उचलला. हो, हेमाली. मीच. प्रत्येकाखाली चपटी पुरचुंडी सारली, नखाएवढी, कोणाला दिसणार नाही अशी, आणि झाकण घट्ट लावलं. मनात आलं, लेकीने दिलंय, बापाने जपलंय, माझंही काही त्यात असू दे. जन्मभर मीठ पेंढ्याने झाकून पावसापासून राखलं, मीठ ओल ओढतं आणि पाझरतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक! आणि तेच मी झाकणाच्या आत कोंडलं. अक्कल गहाण पडते ती अशी. प्रदर्शनाहून घरी आलो, बाबा मोरीवर गेले, तेवढ्यात मी नऊ पुरचुंड्या काढल्या. ओल्या होत्या. चुलीत टाकल्या, आणि तुझ्यावर आलेलं तुझ्यावरच राहू दिलं. त्या तिसऱ्या डब्यात मी मडक्यातलं मीठ ठेवलं होतं. तिन्ही पैसे सारखेच निघावेत, दोष वाऱ्याचा ठरावा, अशी आशा वर्षभर धरली होती, खोटं कशाला बोलू. परवा उघडला. पैसा हिरवा, पूड सुटलेली, हुबेहूब त्या दिवसासारखा.

मी स्वतःला शब्द दिला होता की मीठ दोषी निघालं तर त्याच दिवशी बोलायचं. बोलले. तिन्ही पैसे ताटलीत मांडून बाबांसमोर ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी तिसरा पैसा उचलून त्यावरची पूड बोटाने पुसून बघितली. मग म्हणाले, “तवाच का न्हाय बोललीस?” मी म्हणणार होते की तुम्ही श्वास घ्यायला थांबला असतात तर बोलले असते. पण ते खरं नव्हतं. मी सांगितलं, भ्याले. त्यांनी ताटली सारली आणि बांधाकडे निघून गेले. मला वाटलं, आता माझी पाळी. तासाभराने आले, पायरीवरच बसले, माझ्याकडे न बघता बोलले, “तू मीठ ठेवलंस. पोरीला भंगारवाली कोन बोललं? त्ये काय मीठ बोललं?” एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं. मला वर्षभरात पहिल्यांदा पोटभर रडू आलं.

हे पत्र माफी मागायला लिहिलेलं नाही, माफी मी तुझ्या तोंडावर मागेन. येत्या रविवारी अलिबागला प्रदर्शन आहे, आणि दाराजवळचं तुझं टेबल मी मास्तरांकडून पुन्हा मिळवलं आहे. त्यांना पुरचुंड्यांचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मला वर्षापूर्वीच वास आला होता, वहिनी. टेबलावर ते तीन डबे उघडे ठेवायचे आणि पुठ्ठ्यावर माझ्या अक्षरात पाटी: ‘डबे चांगले होते. तिसऱ्यात मीठ मी ठेवलं, गेल्या वर्षीही मीच. कृष्णाबाई.’ ज्या लोकांसमोर मी गप्प उभी होते, त्यांच्याचसमोर दिवसभर त्या पाटीशेजारी बसणार आहे, येईल त्याला सांगणार आहे. लोक हसतील, हसू देत. काल रात्रीच्या जेवणाआधी मी पाटी बाबांना शुद्धलेखनाला दिली. सकाळी बघते तर माझ्या ओळींखाली त्यांनी जाड मार्करने, माझ्या अक्षरांच्या दुप्पट अक्षरांत लिहून ठेवलं होतं: ‘माझ्या लेकीच्या मालाला मी चौकशी न करता भंगार बोललो. मोठ्यानं बोललो होतो, म्हणून मोठं लिवतो. चांगदेव.’ तू आलीस तर तुझी खुर्ची मधे आहे. नाही आलीस तरी आम्ही दोघं तुझे डबे विकायला बसणार आहोत, फक्त उरलेले डबे मांडव्याच्या पहिल्या बोटीने पाठव, कारण तुझ्या बाबांनी इस्त्रीचा सदरा आत्ताच काढून ठेवला आहे.

तुझीच, आणि यापुढे तोंड उघडून बोलणारी,
आई