ओसरीवरचा मारोती

४ मार्च २००६
आज मार खाल्ला. माह्याच दुकानात, माह्याच खुर्चीवर बसून.
गजानन आला, सोबत तिघं. काखेत फ्रेम. त्याच्या लहान भावाचा, मारोतीचा फोटो. भाऊ मेल्यावर दिवाळीनंतर मीच मोठा करून देल्ला होता. काउंटरवर आपटला, काच फुटली. "पाह्य," म्हणे. पाह्यलं तं चेहरा शेवाळावानी हिरवा. ओठ गायब. मी म्हटलं, उन्हात टांगला असन भाऊ, शाई उडते. एवढं बोलाची देर, कानाखाली बसली. मंग तिघायनं धरलं आन् गजाननं पोटात हाणलं.
सोबतचा एक म्हणे, मियानं मुद्दाम हिरवा केला आपल्या पोराले. गजानन फिरला आन् त्याच्याच थोबाडीत ठेवून देल्ली, मले मारली त्याच्यापेक्षा जोरात. मंग मले विचारे, "रमेशनं किती देल्ले तुले, सादिक?"
म्हणजे याले वाटते मी मारोतीले मारणाऱ्याकडून पैसे खाऊन उडणारी शाई टाकली. लाहोल! अशी ठरवून उडवता येणारी शाई असती तं मी दर महिन्याले नवे फोटो विकले असते.

५ मार्च
जबडा सुजला. शबाना म्हणते पोलिसात जा. कायले जाऊ? तिथं दोन्हीकडची माणसं बसली आहेत.
आज खरी गोष्ट कळली. जिनिंगच्या गेटसमोर कापसाच्या बैलबंड्यायची लाईन होती, कोणाची बंडी पुढं यावरून रमेश आन् मारोती भिडले. रमेशनं बंडीची उभारी, बाजूचा लाकडी दांडा, उपटली आन् डोक्यात घातली. एकच. तेवढं सगळ्यायले माहीत आहे. मले हे माहीत नव्हतं का जामिनावर सुटलेल्या रमेशचं घर गजाननच्या घरासमोरच आहे. आन् मारोतीच्या मायनं तो फोटो देवाजवळ नाही, बाहेर ओसरीवर टांगला. तोंड रमेशच्या दाराकडं. त्यानं दार उघडलं का पुढं मारोती.
दिवसभर ऊन. कोणती शाई टिकन? आता रमेशची माणसं हसतात म्हणे, देवानंच पुसला तुमचा पोरगा.

८ मार्च
राग जाईना. ट्रायपॉड घेऊन गेलतो गजाननच्या घरी, दात पाडाचेच म्हणून. तो नव्हता. ओसरीवर माय बसली होती, मागं नुसता खिळा. "बस बाबू," म्हणे. हातात ट्रायपॉड घेऊन बसलो येड्यावानी. पाणी देल्लं तिनं.
मी म्हटलं दुसरा काढून देतो, पण आत लावा, सावलीत.
"आत लावला तं मले दिसन. मले कायले दाखवता? त्याले दाखवाचा हाय."
पाणी पेलो आन् ट्रायपॉड उचलून घरी आलो.

१४ मार्च
नागपूरले गेलतो. ज्या डीलरकडून शाईच्या स्वस्त बाटल्या आणतो त्याची कॉलर धरली. तो म्हणे, सगळा जिल्हा हीच नेते, तूच पह्यला बोंबलणारा. सोडला. दुसऱ्या गल्लीत एक म्हातारा दुकानदार भेटला. त्याच्याकडं वेगळ्या कंपनीची शाई, डायच, म्हणजे पाण्यात विरघळणारीच, पण टिकाऊ. मी पिगमेंट, म्हणजे बारीक भुकटीची, मागितली तं म्हणे तुह्या मशीनले नाही चालत, चकचकीत कागदावर बसत नाही. किती टिकन विचारलं. म्हणे कागदबी चांगला घे आन् स्वतः उन्हात ठेवून पाह्य, डब्यावरच्या लिहिण्याले काय आग लावाची.
येताना बसमध्ये एकच विचार. अर्ध्या मारेगावच्या लग्नाचे फोटो मीच त्या जुन्या शाईत काढले. सगळे नवरदेव हिरवे होणार. किती जणायचा मार खाऊ?

२० मार्च
मशीनच्या शाईच्या टाक्या धुतल्या, नळ्या धुतल्या. हात कोपरापर्यंत जांभळे. पह्यला प्रिंट लालभडक, मारोती दारू पिऊन आल्यावानी. नवी शाई जुन्या सेटिंगवर चालत नाही. दिवसभर रंग जमवले.
मंग छताच्या टिनावर उन्हात ठेवले. जुन्या शाईचा एक चेहरा, नव्याचा एक, दोन्हीचा अर्धा भाग पुठ्ठ्याखाली, वरून वीट. शबाना मिरच्या वाळवाले वर गेली आन् मेलेल्या माणसाचे अर्धे-अर्धे चेहरे पाहून किंचाळली. मले म्हणे, तुमचं डोस्कं फिरलं. वीट फेकून मारली तिनं. लागली नाही.

९ एप्रिल
पुठ्ठे काढले. जुना: उघडा अर्धा साफ उडालेला, हिरवा धूर. नवा: कोणता अर्धा उन्हात होता तेच समजेना. दोन्हीकडचा मारोती सारखा पाहून राह्यला. टिनावर नाचलो. पाय भाजले.

१२ एप्रिल
मायले दुकानात बोलावलं, स्क्रीनवर दाखवाले. म्हणे हा माहा पोरगा नोहे. माहा एवढा गोरा नव्हता.
खरंच. पोरगी पाहाच्या वेळी काढला होता हा फोटो, सोयरीकीसाठी. त्या फोटोत आम्ही सगळ्यायलेच गोरं करतो, मागावंबी लागत नाही. भोवईवरचा वणबी मीच पुसला होता. जुन्या सीडीतून मूळ फोटो काढला. काळा, वण, एक कान बाहेर. मायनं काचेवर हात ठेवला आन् मोठ्यानं रडली. "हा," म्हणे. "हा मारला त्यानं."

१६ एप्रिल
रमेशचा साळा आला, संजय. गिऱ्हाईक नव्हतं. शटर अर्धं ओढलं. गोड बोलला आधी. तो फोटो नको काढू सादिकभाई, भाऊजीची तब्येत खराब झाली, जेवत नाही, दार उघडत नाही. मी म्हटलं, माहा धंदा आहे. त्यानं माहा हात धरला, कागद कापाच्या पात्याखाली घातला आन् पात्याच्या दांडीवर जोर देल्ला. करंगळी. नख गेलं, हाड वाचलं. रक्त फोटोपेपरवर.
दुसऱ्या हातात स्टॅबिलायझर आला. घातला. भोवई फुटली त्याची. शटरखालून रांगत गेला हरामी.
मले चांगलं वाटलं. खोटं कायले लिहू. फडकं बांधलं आन् तेवढ्यातच मारोती मोठा काढला.

१८ एप्रिल
टांगला. गजाननं स्वतः खिळा बदलला. मले पाहून म्हणे, त्या दिवशीचं मनात ठेवू नको. मी म्हटलं, ठेवीन. हसला.
रमेश दारात उभा होता. फोटो वर गेला आन् तो आत गेला. कडी लावल्याचा आवाज इकडं आला.

७ मे
करंगळी बरी. मारोतीबी बरा. एवढ्या उन्हात रंग हलला नाही.
बाकी काही बरं नाही. फोटोवर गोटा पडला, काच बदलली. मंग गजाननच्या कुटाराले, ढोरायच्या चाऱ्याले, आग. मंग गजाननं बाजारात संजयले गाठला आन् त्याचा हात पिरगाळून मोडला, भाजीच्या पाटीवर ठेवून. लोकं पाहून राह्यले होते. मी पण होतो. कोणी सोडवलं नाही, मीबी नाही.
रमेश आता मागच्या भिंतीले भोक पाडून तिकडून ये-जा करते म्हणतात.

८ मे
शबाना बोलली. "रंग उडून राह्यला होता तेच बरं होतं. त्याच्यासंगं रागबी उडला असता." मी तिच्यावर हात उचलला. मारला नाही, पण उचलला. दिवसभर जेवली नाही ती. मले माही लाज वाटते. आन् ती खरं बोलली त्याचा राग येते.

२ जून
गजानन आला. दाढी केलेली, पांढरा शर्ट, इस्त्रीचा. स्टुलावर बसला. म्हणे माहा एक काढ. केवढा? "मारोतीएवढा. तेच शाई, तोच कागद."
मले वाटलं सोयरीक आली. विचारलंबी, थट्टेनं. तो म्हणे, साक्षीदार फिरले. दोघंबी. रमेश सुटते आता.
"मंग?"
"मंग काही नाही. फोटो काढ. मायले माह्या मागून फोटोसाठी चकरा नको."
पह्यला फोटो हललेला आला. पुन्हा काढला. सरळ माह्याकडं पाहत होता, हसला नाही.

५ जून
प्रिंट निघाला. चांगला निघाला. ड्रॉवरमध्ये कोऱ्या कागदायखाली ठेवला. गजाननले सांगितलं, मशीनचं हेड चोक झालं, नागपूरहून माणूस येते. "होऊ दे," म्हणे. "फोटो हाती आल्याबिगर मी कुठं जात नाही."

८ जून
आजबी आला. आजबी हेड चोक. शबाना म्हणते फाडून टाका. फाडला तं तो पांढरकवड्याच्या स्टुडिओत जाईन, तिथं फोटो त्याच दिवशी संध्याकाळी भेटते.

९ जून
राहवलं नाही. मायकडं गेलतो. गजानन घरी नव्हता. सगळं सांगितलं, पांढरा शर्ट, फोटो, काय बोलला ते. म्हटलं माय, तूच थांबव त्याले, माहं नाही ऐकाचा. ती मारोतीच्या फोटोची काच पदरानं पुसून राह्यली होती. ऐकून घेतलं. मंग मले विचारे,
"झाला का त्याचा फोटो?"
मी नाही म्हटलं. निघून आलो. सकाळी तो दुकानात येईन.