किशनरावांच्या विहिरीतलं निळं

५ मार्च, बुधवार

‘परभणीकरांनो, आपल्या पायाखालचा दगडसुद्धा आपल्या नावावर नाही!’ — वाचनालयातल्या भाषणाची सुरुवात आज अशी केली. विहिरी आपण खोदायच्या, गारगोट्या व्यापाऱ्यांनी उचलायच्या, आणि परदेशातल्या काचेच्या कपाटात त्यांच्याखाली दुसऱ्याच जिल्ह्याचं नाव! टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला आणखी चेव येतो. सिद्धोधन येताना म्हणाला, माधवी, शेवटच्या रांगेतले दोघे उठून जेवून परत आले, तरी तू खनिजांवरच होतीस. नवरा आहे, बोलणारच.

भाषणानंतर बालाजी थांबला होता. माझा जुना विद्यार्थी, आता विहिरींवर मुरूम-दगड उपसायची यारी चालवतो. ताडकळसजवळ किशनरावांच्या नव्या विहिरीत सुरुंग उडाला आणि खडकातून निळं निघालं म्हणे. काम बंद पडलंय. किशनराव म्हणतात, हे मोरचूद आहे — द्राक्षा-डाळिंबावर फवारतात ते — आणि धाकट्या भावानं, दत्तरावानं, पाणी नासवायला टाकलंय. दोघांचा बांधावरून वाद आहेच.

खडकात निळं. बेसाल्टमध्ये! हातातला चहा गार झाला.

६ मार्च

यारीच्या बादलीत बसून खाली गेले. ‘मॅडम, बादली मुरमाची हाय, मुरमासारखंच गप बसा,’ बालाजी वरून ओरडला. गप्प बसणं मला जमत नाही हे त्याला वर्गातच कळलेलं.

खाली गेले आणि खरंच गप्प झाले. काळ्या खडकात परातीएवढी पोकळी. आत पांढऱ्या गारगोटीच्या पाकळ्या, आणि पाकळ्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढे निळे गोळे. भिंगातून पाहिलं — सगळीकडून सुया फुटलेल्या. असा निळा मी फक्त पुस्तकात पाहिलाय. कॅव्हन्साइट? व्हॅनेडियमचं खनिज, जगात मोजक्या ठिकाणी सापडणारं. इथे?

सुटा पडलेला एक कण बाटलीतल्या पाण्यात टाकला. हलवला. पाणी स्वच्छ. मोरचूद असतं तर एव्हाना निळं झालं असतं. शिवाय मोरचूद वरून टाकलं तर खडकाच्या आत, पाकळ्यांवर कसं उगवेल? शंकाच नाही.

वर आले. किशनराव वाट बघत होते. मागे वस्तीवरची माणसं. बांधापलीकडे दत्तराव एकटाच, हाताची घडी घालून.

‘मोरचूदच हाय ना मॅडम? सांगा तुमी समद्यासमोर.’

एक वाक्य पुरलं असतं. पण मी ते बोलले की लगेच दुसरा सुरुंग, आणि ती पोकळी मुरमात!

‘तपासावं लागेल,’ मी म्हणाले.

दत्तराव वळून निघून गेला.

७ मार्च

पुण्याच्या सविताला फोटो पाठवले. आम्ही एकत्र शिकलो. तिच्या हाताखाली प्रयोगशाळा आहे. तिचा उलट फोन — हात लावू नकोस, जागेवरच मोजमाप घेऊ, रविवारी येते, तोवर सुरुंग उडू देऊ नकोस. मी ‘हो’ म्हणाले. सुरुंग कशामुळे थांबलाय ते तिला सांगितलं नाही.

सिद्धोधनला सांगितलं. तो म्हणाला, आणि तो माणूस? मी म्हणाले, तीनच दिवसांचा प्रश्न आहे, जिल्ह्याच्या नावावर कायमचं काहीतरी लागेल. स्वतःचाच आवाज मोठा झालेला ऐकू आला.

८ मार्च

महिला दिनाचं भाषण. विषय: सत्य बोलण्याचं धाडस. मध्येच पाणी मागितलं.

बालाजीकडून कळलं — काल किशनरावांनी भावाला मारुतीसमोर बेलभंडारा उचलून शपथ घे म्हणून सांगितलं. दत्तराव म्हणाला, ‘सख्ख्या भावाला इस्वास न्हाई तं देवाला कामून मधी घालायलाव?’ आणि उचलला नाही. झालं! आता गाव म्हणतंय, त्यानंच टाकलं.

शपथेवर सत्य ठरवता का म्हणून मी किती सभा गाजवल्या आहेत. इथे शपथेचीही गरज नव्हती. एक बाटली पाणी पुरे होतं.

उद्या, पोकळी निघाली की तिथल्या तिथे सांगणार.

९ मार्च, रविवार

निघाली! सविता आणि मी दिवसभर खाली. छिन्नी, हातोडी, मग नुसती बोटं. मोठा तुकडा सरकी काढलेल्या कापसात गुंडाळला, लहान अंड्यांच्या ट्रेमध्ये. एकही सुई मोडली नाही. सविता म्हणाली, यंत्रावर बघेनच, पण मी पैज लावायला तयार आहे. चिठ्ठीवर मी स्वतः लिहिलं: ताडकळस, जि. परभणी.

सांगायला किशनराव विहिरीवर नव्हतेच. त्यांच्या बायकोनं, बायनाबाईंनी, चहा दिला. गावात बैठक बसलीय, म्हणाल्या. सविताची गाडी पूर्ण्याहून होती. उद्या फोन करीन.

१० मार्च

मी फोन लावायच्या आत बालाजीचा आला.

आम्ही खाली असताना बैठकीत दत्तरावानं कबूल केलं. मीच टाकलं म्हणाला. सगळ्यांदेखत थोरल्या भावाच्या पायावर डोकं ठेवलं. राजेश्रीचं — त्याच्या मुलीचं — लग्न महिन्यावर आलंय, आणि चुलत्यानं मांडवात पाऊल टाकणार नाही असं सांगितलं होतं. किशनरावांनी त्याला उठवून पोटाशी धरलं. दोन्ही घरं एका पंगतीला जेवली. आज सुरुंग उडवायलेत.

माधवी, पहिल्या गाडीनं ताडकळसला जा. आधी दत्तरावाच्या घरी. मग त्याला घेऊन पारावर उभी राहा आणि गावाला सांग, की त्यानं काही टाकलेलं नाही — आणि हे तुला गुरुवारीच कळलं होतं.