चौदावा रकाना

प्रिय ताई,

आधी भांडून घेते, मग खुशाली सांगते. पाच महिने झाले, तू माझ्याशी एक शब्द बोललेली नाहीस. सासूबाईंचा गुडघा, लेकीची परीक्षा, तुझी शाळा, सगळं मान्य. पण माझी एक रिबीन हरवली म्हणून अख्खं मैदान पालथं घालणारी तू, इतकी गप्प कशी बसलीस? असो. पत्र लांबणार आहे. चहा घेऊन बस आणि मधलं गाळू नकोस. धडा वाचतानाही तू मधली पानं गाळायचीस आणि शेवट मला विचारायचीस, आठवतं ना?

खुशाली अशी, की आपल्या भावाची, बापूची, व्यवस्था उत्तम लागली आहे. सरकारकडून दोन मदतनीस येतात, दिवसा एक आणि रात्रीच्या पाळीला दुसरा. दिवसाचा पन्नाशीचा आहे, जाडजूड, रबरी तळव्यांचे बूट घालतो, त्यामुळे तो खोलीत आला हे कळतच नाही. बापूला तो एका झटक्यात पलंगावरून चाकांच्या खुर्चीत उचलून ठेवतो. मी आणि आई मिळून ते करायचो तेव्हा आमच्या तोंडून काय काय निघायचं आणि बापू वरून आम्हालाच धीर द्यायचा! आई गेल्यावर सहा वर्षं मी एकटीने उचललं त्याला. माझी कंबर आता दुखत नाही. खरं सांगू, कुठेच काही दुखत नाही, आणि याची मला अलीकडे धास्ती वाटू लागली आहे.

ही मदत मिळवायला काय दिव्य करावं लागलं ते तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते. पहिला अर्ज मी भरला होता, अगदी मन लावून, खरा खरा. चौथ्या रकान्यात विचारलं होतं, हाताने काही काम करता येतं का. मी कौतुकाने लिहिलं, पाय लहानपणीच गेले असले तरी माझ्या शिलाईच्या कामात तो मदत करतो, डाव्या हाताने कापड दाबून धरतो आणि उजव्याने बटणं लावतो, माझ्यापेक्षा पक्की. उत्तर आलं, अर्जदार हस्तकौशल्याचं काम करू शकतो, सबब मदतीची गरज दिसत नाही. दुसऱ्या अर्जात बटणं गाळली. पण सातव्या रकान्यात, गरज पडल्यास कोणाला बोलावतो कसा, तिथे लिहिलं की शीळ घालतो. आणि चौदाव्यात, घरात सांभाळणारी व्यक्ती कोण, तिथे माझं नाव. पुन्हा नकार. शीळ येते, बहीण आहे, मग हवंय काय तुम्हाला?

त्या दिवशी मी कार्यालयाच्या खिडकीपाशी रडले नाही, भांडले. शेवटी आतून तपासनीस बाई बाहेर आल्या. पांढरी साडी, बोटांना शाई, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागत होतं. त्या म्हणाल्या, "वाईटात वाईट दिवस डोळ्यांसमोर आणा आणि तो रोजचाच आहे असं लिहा. एकदा लिहिलं की कार्यालय तेच खरं धरतं." मला वाटलं, चला, या रुक्ष इमारतीत एक तरी माणूस सापडलं. मी त्यांचे आभार मानले. बाई हसल्या नाहीत.

मग तू दोन दिवसांसाठी आलीस. कापड बेतायच्या टेबलावर आपण तिसरा अर्ज पसरला, कडांवर माझ्या कात्र्या ठेवल्या. अक्षर तुझं छान म्हणून लिहिणारी तू, सांगणारी मी. हाताने काम? काही नाही. कोणाला बोलावू शकतो? नाही. बापू खुर्चीतून ऐकत होता आणि प्रत्येक उत्तराला मुद्दाम मान टाकून जीभ बाहेर काढून दाखवत होता. चौदाव्याला तुझं पेन थांबलं. तू माझ्याकडे बघितलंस. आणि मी म्हणाले, "लिही गं, कोणी नाही. मी काय कुठे पळून चाललेय?" बापूला हसून हसून ठसका लागला. तू लिहिलंस. सांभाळणारं कोणी घरात नाही म्हटल्यावर सही माझी कशी चालणार? म्हणून परगावी राहणारी बहीण म्हणून सहीही तूच केलीस.

मंजुरी महिन्याभरात आली. मदतनीस रुजू झाला त्याच सोमवारी बापूच्या हातून सुई निसटली. मी उचलून दिली, पुन्हा निसटली. आठवड्याभरात त्याची बोटं मिटेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच पुढे सरकतो. मी मान हलवली. डॉक्टरांसमोर आणखी काय करणार? नंतर एका दुपारी माझ्या लक्षात आलं, की घरात शीळ ऐकू येऊन बरेच दिवस झाले आहेत. मी त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, घाल बरं एक, आपली ती, दूधवाल्याला चकवायची. त्याने ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली. तो शरमला, ताई. आजवर आपल्या अंगाला दुसऱ्यांचे हात लागतात म्हणून कधी न शरमलेला माणूस, त्या हवेला शरमला.

त्या दिवशी मी बटणांच्या डब्यातून अर्जाची प्रत काढली. चौथा रकाना, मग सातवा. तू लिहिलेलं सगळं त्याच क्रमाने, शब्दाला शब्द खरं होत चाललं होतं. मी प्रत घडी करून पुन्हा डब्यात ठेवली आणि स्वतःला वेड्यात काढलं. तू ओळखतेस मला, मी काही भुताखेतांना भिणारी नाही. मांजर आडवं गेलं तर तूच थांबायचीस, मी मांजराला हाकलायचे.

मदतनिसाची एक वही असते. त्यात तो रोज वेळ, औषधं, आंघोळ लिहितो आणि खाली, घरात उपस्थित व्यक्ती, एक. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडवलं त्याला, की अहो, मी काय शिवणयंत्राचा भाग आहे का, मलाही मोजा की. त्याने चष्मा पुसला आणि पुढची ओळ लिहिली. मला वाटलं, माणूस शिष्ट आहे. मग तो एकाचंच जेवण करून झाकून ठेवू लागला. मी कपडे बेतत असताना खोलीतला दिवा बंद करून जाऊ लागला. एकदा कोपऱ्यावरच्या शाळेतल्या मास्तरीण बाई ब्लाऊज न्यायला आल्या. मी टेबलामागेच होते, मापाची फीत गळ्यात. त्या त्याला म्हणाल्या, इथे पूर्वी कोणीतरी शिवायचं ना? तो म्हणाला, मी आल्यापासून तरी कोणी नाही. तयार ब्लाऊज दोघांच्या मधोमध टेबलावर पडला होता, शिवून, इस्त्री करून. बाईंनी तो उचलला, उलटसुलट करून बघितला आणि घाईघाईने निघून गेल्या. जाताना त्यांनी दार ओढून घेतलं नाही.

इस्त्रीवरून आठवलं. तुझ्या डाव्या पोटरीवरचा डाग अजून आहे का? मी नऊ वर्षांची, आईची इस्त्री तापत ठेवली आणि विसरले, आणि तू धावत आलीस ती थेट तिच्यावर. आईला तू सांगितलंस की चूल लागली. आजतागायत तिघांशिवाय हे कोणाला माहीत नाही. बापूने पलंगावरून सगळं पाहिलं होतं आणि गप्प राहण्याबद्दल आपल्याकडून सात गोट्या उकळल्या होत्या. तेव्हापासूनच त्याचं नाव बापू पडलं, एवढासा असून म्हाताऱ्यासारखा सौदा करतो म्हणून. माझं नाव तुम्ही दोघांनी ठेवलं, अंगाने बारीक आणि बोलण्यात टोचरी म्हणून. त्या नावाखेरीज तुम्ही मला कधी हाक मारली नाहीत.

बापू मला सर्वांत शेवटपर्यंत बघत होता. बोलणं जड झालं तरी त्याचे डोळे माझ्यामागे फिरायचे, मदतनिसाने पाठ फिरवली की मी त्याला तोंड वेडावून दाखवायचे, तो हसायचा. गेल्या गुरुवारी दुपारी मी यंत्र चालवत होते. त्याने मान वळवली. मला बरं वाटलं. मग दिसलं, की तो खालीवर होणारी सुई बघतोय, फिरणारं चाक बघतोय, आणि माझ्या स्टुलाकडे नजर आली की ती सरळ मागच्या भिंतीवर जातेय. मी पाय काढला. यंत्र थांबलं. तो घाबरला नाही. उलट वाट बघत राहिला, पुन्हा सुरू होईल म्हणून. मी सुरू केलं. तेवढंच आता मी त्याच्यासाठी करू शकते. कापड संपलं तरी रिकामं यंत्र चालवत बसते.

आणि परवा तुझा फोन आला. मदतनिसाने तो मोठ्या आवाजावर लावून बापूच्या उशीशी ठेवला. मी पलंगाच्या कडेवरच बसले होते, म्हटलं आता तू मला विचारशील. तू त्याची चौकशी केलीस, मग म्हणालीस, "एकट्याला कंटाळा येत असेल ना रे तुला? आपल्याला आणखी एक बहीण असती तर बरं झालं असतं."

म्हणून हे पत्र. मला तुझा राग आलेला नाही, वर भांडले ते नुसतं सवयीने. मला भीती वाटतेय, ताई. फेरतपासणीचा अर्ज आला आहे, या महिनाअखेर द्यायचा आहे. मी चौदाव्या रकान्यात तीनदा माझं नाव लिहिलं. सकाळी रकाना कोरा असतो, कागदावर नुसता पेनाचा दाब उमटलेला. तळाशी बारीक अक्षरात छापलंय, की दुरुस्ती मूळ सही करणाऱ्यानेच करावी. ती सही तुझी आहे. तेव्हा ये आणि तुझ्या हाताने भर. आधी चौथा आणि सातवा, बापूचे हात आणि शीळ, मग वेळ उरला तर माझा. मदत बंद होईल, होऊ दे. खरं लिहूनच ती मिळायला हवी होती, आपण पुन्हा जाऊन त्या खिडकीशी भांडू, या वेळी दोघी मिळून. हे वाचताना ही बाई कोण असं तुला वाटलं असेल, तर आधी पोटरीवरचा तो डाग बघ आणि तो कोणी पाडला ते आठव. एवढ्याचसाठी मी रिबीन, इस्त्री, गोट्या सगळं पुन्हा सांगितलं. शाईने लिहिलेलं बाकी सगळं टिकतं, माझं नावच तेवढं टिकत नाही, म्हणून खाली ते दोऱ्याने शिवलं आहे. डोळ्यांना दिसलं नाही तर बोट फिरवून बघ, टाके लागतील.

तुझीच,
सुई