दोन तपासण्या बाकी असताना

प्रति,
मा. संचालक,
मूलकण संशोधन संस्था,
मुख्य इमारत, तिसरा मजला.

विषय : दोन तपासण्या बाकी असतानाच पेटी उघडू देण्याबाबत.

संदर्भ : तपासण्या उरकून खोली रिकामी करण्याविषयी आपल्या कार्यालयाचे दुसरे स्मरणपत्र.

महोदय,

१. अर्जदार हा आपल्या संस्थेत सुपरसिमेट्रीच्या शोधगटात काम करतो. गटात पूर्वी बरीच माणसे होती. कोणी दुसरा विषय धरला, कोणी निवृत्त झाले आणि शेवटी अर्जदार व त्याच्या पत्नी असे दोघेच उरले. गेल्या उन्हाळ्यात पत्नीचे निधन झाल्यामुळे सध्या गट म्हणजे अर्जदारच होय. बैठका वेळेवर सुरू होतात.

२. प्रशासनाच्या माहितीसाठी थोडक्यात : निसर्गातील प्रत्येक मूलकणाला एक जड जोडीदार असावा, असे सुपरसिमेट्रीचे गणित सांगते. गणित इतके देखणे आहे की खोटे असेल असे वाटत नाही. जोडीदार मात्र आजवर एकही सापडलेला नाही. यंत्रात होणाऱ्या टकरींपैकी ज्यांत तो असलाच तर दिसेल, त्या आमच्या गटाने वेगळ्या काढल्या. त्या किती भरल्या हा आकडा संगणकात कुलूपबंद आहे. यालाच आम्ही पेटी म्हणतो. आकडा आधी पाहिला की माणूस नकळत चाळणी हलवतो आणि हवे तेच खाली पाडतो. म्हणून आधी सर्व तपासण्या, मग गटातील प्रत्येकाचा तोंडी होकार आणि मगच कुलूप. घाईने उघडलेल्या पेटीचा निकाल कोणी छापत नाही, आणि एकदा पाहिलेला आकडा न पाहिल्यासारखा करता येत नाही. आपल्या संस्थेत हा नियम अर्जदाराच्या पत्नीनेच लिहिला होता.

३. त्यांच्या होकाराचे काय करायचे हा प्रश्न निघाला तेव्हा आपल्या कार्यालयाने त्यांच्या जागी हिशेब विभागातील एका गृहस्थांना नेमले. गृहस्थ सज्जन आहेत. खोलीत आल्यावर त्यांनी आधी खिडकी उघडली, मग पेटी कुठे ठेवली आहे ते विचारले. इलेक्ट्रॉनच्या जोडीदाराला सिलेक्ट्रॉन म्हणतात, क्वार्कच्या जोडीदाराला स्क्वार्क, असे अर्जदाराने सांगताच ते म्हणाले, "म्हणजे नावं ठरली, पाळणा आणला आणि बाळाचा पत्ताच नाही!" अर्जदार हसला. पत्नीला हे फार आवडले असते, असेही तो बोलून गेला. त्यानंतर गृहस्थ बराच वेळ टाचण्यांची डबी उघडमीट करत बसले.

४. पेटीची सवय आमच्या घरातही होती, हे येथे नमूद करणे भाग आहे. पत्नीच्या तपासणीचा निकाल आल्यावर डॉक्टरांनी फोन केला. पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, आत्ता काही सांगू नका. आमचं आधी ठरू दे." निकाल कानावर पडला की माणूस भीतीने निर्णय घेतो, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून अमुक निघाले तर कोणता उपचार, तमुक निघाले तर कोणता आणि कुठे थांबायचे, हे आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ठरवू लागलो. तिसऱ्या शक्यतेवरून आमचे मतभेद झाले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अर्जदाराच्या मेहुणीने कपाळावर हात मारून घेतला. "अगं ताई, तुझं अंग आहे ते, प्रयोग नाही!" असे त्या म्हणाल्याचे आठवते. यात महिना गेला. आम्ही दुसरीकडे उपचार घेत असू, असे समजून डॉक्टरांनीही पुन्हा फोन केला नाही. आम्ही केलेली योजना उत्तम होती. फक्त ती महिन्यापूर्वीच्या आजाराला लागू पडली असती. पद्धतीत दोष नव्हता असे अर्जदाराचे आजही मत आहे, आणि पत्नीचेही अखेरपर्यंत तेच मत होते.

५. असे असूनही शेवटच्या आठवड्यात, इस्पितळात, पत्नी एकदा म्हणाल्या, "अरे, उघड ना ती पेटी. मला बघायचंय." संगणक अर्जदाराच्या मांडीवरच होता. कुलूप काढायला बोट हलवण्याइतकाच वेळ लागला असता. अर्जदार म्हणाला, "दोन तपासण्या बाकी आहेत." कोणत्या, तेही त्याने सांगितले : ऊर्जामापनाची फेरतपासणी, आणि जोडीदार नसलेल्या नेहमीच्या टकरींचा दुसऱ्या पद्धतीने अंदाज. पत्नीने दोन्ही ऐकून घेतल्या. "हं, बरोबर आहे," म्हणाल्या आणि उशी जरा वर करायला सांगितली.

६. अर्जदार रोज कामावर येतो. दिवा लावतो, पहिली तपासणी उघडतो आणि संध्याकाळी ती तशीच बंद करतो. लोक विचारतात, कसे चालले आहे. तो बरे चालले आहे म्हणतो आणि त्यात काही खोटे नाही. रडू येत नाही. चहात साखर आहे की नाही हे कप रिकामा झाला तरी समजत नाही. घरी गेल्यावर दार उघडून तो थोडा वेळ चपला न काढता उभा असतो, एवढेच. दोन्ही तपासण्या त्याच्या हातचा मळ आहेत, झोपेतही होतील. पण त्या झाल्या की पेटी नियमाने उघडेल, आणि पत्नीला जे दाखवले नाही ते आपणास, हिशेब विभागास आणि साऱ्या जगास दाखवले जाईल. हे अर्जदारास सहन होत नाही. बाकी सर्व सहन होते.

७. तरी विनंती की, पेटी आज आहे त्याच स्थितीत, दोन तपासण्या बाकी असतानाच उघडण्याची परवानगी मिळावी. असा निकाल छापता येणार नाही. गटात होऊन गेलेल्या सर्वांची मेहनत त्यामुळे पाण्यात जाईल. आणि जोडीदार खरोखरच निघाला, तर त्याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. अर्जदारास हे सारे ठाऊक आहे. बहुधा काही निघणारही नाही. तिने ज्या अवस्थेत पेटी मागितली होती, त्याच अवस्थेत ती उघडायची आहे आणि आकडा एकदा मोठ्याने वाचायचा आहे. हिशेब विभागातील गृहस्थ हजर राहण्यास तयार आहेत. बिस्किटे आणू का, असे त्यांनी विचारले आहे.

परवानगी नाकारल्यास अर्जदार पेटीला हात लावणार नाही. नियम तिचा आहे.

आपला, आजवर नियमाने वागलेला,
(सही)
अर्जदार

दि. १४ नोव्हेंबर

सोबत :
१) अपुऱ्या राहिलेल्या दोन तपासण्यांचा मसुदा.
२) हिशेब विभागातील गृहस्थांचा लेखी होकार.
३) पत्नीचा होकार : तोंडी. परिच्छेद ५ पाहावा.